एकही बोल्ट ढिला नको

मुलांनो, डोळे मिटा बघू. फटीतून बघायचं नाही, पक्के मिटा. आता तुम्ही कुसळवाडीच्या वेशीत उभे आहात. परळीपर्यंत आगगाडी नुकतीच आली आहे, हैदराबादेत निजामाचं राज्य आहे, आणि सिरसाळ्याकडं जाणाऱ्या वाटेवर हे एवढंसं गाव आहे. आज पोळा. वेशीच्या दोन बुरुजांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण ताणलंय. अलीकडं गावातले सगळे बैल ओळीनं उभे आहेत. शिंगांना हिंगुळाचा लाल रंग, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. हलगी कडाडतेय. सगळ्यांच्या पुढं एक उंच बैल आहे, हरणाच्या रंगाचा, म्हणून त्याचं नाव हरण्या. त्याच्या कपाळावर पितळेचं बाशिंग आहे. त्याचा कासरा गहिनीनाथाच्या हातात आहे, आणि बैलाच्या खांद्याला टेकून एक दहा-अकरा वर्षांची पोरगी उभी आहे. दिसली का? ती छबू. गहिनीनाथाची लेक.

आता कान द्या. मागून काहीतरी येतंय. खडखड, खडखड, मध्येच फाट्, की पुन्हा खडखड. रॉकेलचा वास येतोय. बैल बुजतात, माणसं भिंतींना चिकटतात, आणि त्या फटीतून एक काळं धूड पुढं येतं. लोखंडी चाकं, चाकांना लोखंडी दात, वर धूर ओकणारं नळकांडं. आणि त्यावर, फेटा बांधून, गावचे देशमुख विठ्ठलराव.

उघडा डोळे. पुढचं ऐका.

विठ्ठलरावांनी ट्रॅक्टर हरण्याच्या शेपटीशी आणून उभा केला आणि वरूनच म्हणाले, "गहिनीनाथ, बाजूला हो."

गहिनीनाथाला वाटलं, थट्टा चाललीय. पोळ्याचा मान त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होता. मानाच्या बैलानं तोरण तोडायचं, ओढा ओलांडून मारुतीला जायचं, आणि मग बाकीच्यांनी. तो हसून म्हणाला, "मालक, बैलाचा सण हाय."

"हा पण बैलच हाय," विठ्ठलराव म्हणाले. "लोखंडाचा. नांगरतो, पाणी पितो, ओरडतो. तुझ्या म्हाताऱ्या जनावरापेक्षा लई ताकदीचा. बाजूला हो म्हणलं ना!"

मानपानाची तकरार झाली की निवाडा मारुतीच्या पुजाऱ्याचा, म्हाळू गुरवाचा. म्हातारा काठी टेकत पुढं आला. देशमुखाला नाही म्हणणं त्या काळी सोपं नव्हतं. त्यानं बराच वेळ ट्रॅक्टरकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मालक, हा बैल हाय म्हणता. मग बैलाचे सगळे रिवाज ह्याला लागू. कबूल?"

"सगळे कबूल," विठ्ठलराव म्हणाले. आणि त्यांनी खाली उतरून काय केलं? हरण्याच्या कपाळावरचं बाशिंग सोडलं आणि तारेनं ट्रॅक्टरच्या नाकाडावर बांधलं. हरण्यानं मान झटकली. त्याला वाटलं, माशी बसली.

त्या साली पाऊस नव्हता, ओढा कोरडा ठणठणीत होता. ट्रॅक्टर खडखडत पार गेला. गहिनीनाथ बैल घेऊन घरी आला, झूल काढून खुंटीला टांगली आणि पुरणपोळीचं ताट तसंच ठेवून शेताकडं निघून गेला. छबू हरण्याच्या कपाळाकडं बघत राहिली. बाशिंगाच्या दोरीचा वळ तिथल्या केसांवर उमटला होता. तो वळ तिनं बोटानं पुसला, आणि पुसता पुसता दात आवळून म्हणाली, "थांबा तुमी."

तिला काय हवं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाशिंग हवं होतं. आणि ज्या वेशीत, ज्या माणसांसमोर, ज्या तोंडातून "बाजूला हो" निघालं होतं, त्याच तोंडातून तिला उलटे शब्द ऐकायचे होते. "गहिनीनाथ, पुढे हो." बस्स. त्याच्याहून कमी काही चालणार नव्हतं.

सूड म्हणजे मोठ्या माणसांची गोष्ट असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही नाही. लहान मुलाचा राग बाभळीच्या काट्यासारखा असतो. बाहेरून दिसत नाही, आत ठसठसत राहतो. छबू रोज देशमुखांच्या वाड्यावरून गुरं घेऊन जायची. ट्रॅक्टर गोठ्यातच उभा असायचा आणि त्याच्या नाकावर ते बाशिंग. तिची माय दर पोळ्याला चिंच लावून ते लखलखीत घासायची. आता ते धुरानं काळवंडलं होतं. छबू रोज थांबून त्याकडं बघायची, म्हणजे राग शिळा होऊ नये.

तो ट्रॅक्टर तसा म्हाताराच होता. हैदराबादेत कुणीतरी वापरून टाकलेला, विठ्ठलरावांनी तो आगगाडीतून परळीला आणवला. परळीहून गावापर्यंत त्याला बैलजोड्यांनी ओढून आणलं होतं, पण ती गोष्ट विठ्ठलराव कुणाला सांगत नसत. शेतात तो दर थोड्या वेळानं अडायचा. कधी चाक डुगडुगायचं, कधी नळकांडं गळून पडायचं. विठ्ठलरावांचं उत्तर मात्र ठरलेलं. "यंत्र झकास हाय. बोल्ट ढिला झालाय." गावात ती म्हणायची रीतच पडली. कुणी कामाला उशिरा आला की बाकीचे विचारायचे, "कावून बे, बोल्ट ढिला झाला का तुझा?"

हे ऐकून ऐकून छबूच्या डोक्यात एक बेत शिजला. पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात शिरायचं आणि जे जे फिरेल ते ते सैल करून ठेवायचं. वेशीतच चाक निखळलं पाहिजे. विठ्ठलराव फेट्यासकट शेणात पडले पाहिजेत. हा बेत तिला इतका आवडला की भाकरी थापतानाही ती गालातल्या गालात हसायची.

पुढल्या सालचा श्रावण लागला. एका शनिवारी ती रुईच्या पानांची माळ घेऊन मारुतीला गेली. म्हाळू गुरव पायरीवर बसून वाती वळत होता. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हाळूबाबा, मानाचा बैल वेशीतच आजारी पडला तर?"

"तर काय," म्हातारा म्हणाला. "त्याला घरी न्यायचं, चारा-पाणी करायचं. त्या साली मिरवणूक मानाच्या बैलावाचून निघते. तुझ्या पणज्याचा बैल एकदा वेशीतच फुगलता. सगळं गाव त्याच्यावाचून गेलं, पण मान त्याचाच राहिला."

छबूच्या हातातली माळ तशीच राहिली. "म्हणजे मान जात न्हाई?"

"आजारी जनावराचा मान कसा जाईल? तो का मुद्दाम आजारी पडला? मान जातो तो अडणाऱ्याचा. अंगात काही खोट न्हाई, धडधाकट हाय, अन् तरी वाटेत उभा राहिला, तर गेला मान. मग मालकानं आपल्या तोंडानं मागच्याला म्हणायचं, पुढे हो."

"पुढे हो, असंच म्हणायचं?"

"असंच. मोठ्यानं. सगळ्यांनी ऐकावं असं."

छबू घरी आली ती दुसरीच छबू होती. विचार करा मुलांनो, काय झालं असेल तिच्या डोक्यात. तिनं बोल्ट सैल केले असते तर काय झालं असतं? विठ्ठलराव शेणात पडले असते, गाव हसलं असतं, आणि विठ्ठलराव अंग झटकून म्हणाले असते, "बोल्ट ढिला झाला. माझा बैल आजारी हाय." मान त्यांचाच. बाशिंग त्यांचंच. तिच्या हातानं तिनं त्यांना सबब दिली असती.

या साली मात्र पाऊस भरपूर होता. ती हरण्याला घेऊन ओढ्याला गेली आणि ट्रॅक्टर जिथून पार गेला होता तिथं तिनं गुरं वळायची काठी रोवली. काठी मुठीपर्यंत आत गेली. काळ्या रानातला गाळ तो, वरून साय धरल्यासारखा दिसणारा. हरण्या मात्र नेहमीप्रमाणं जरा वरच्या अंगाला वळला आणि पाण्याखालच्या खडकावरून खूर वाजवत पार झाला. त्याला ती वाट वासरू असल्यापासून ठाऊक होती.

ओढा आपलं काम करणार होता. प्रश्न एकच होता. ट्रॅक्टर गाळात उभा राहील तेव्हा त्याच्या अंगात एकही खोट नसली पाहिजे. एकही बोल्ट ढिला नको. आणि हे काम शत्रूवर सोडून कसं चालेल?

पोळा जवळ आला तसं विठ्ठलरावांनी परळीच्या कापसाच्या जिनिंगमधून राधाकिशन मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हातारा, अंगानं सुका, बोटं संधिवातानं आखडलेली. तो गोठ्यात ट्रॅक्टरखाली आडवा पडून आतल्या एका नटापर्यंत हात पोचवायची खटपट करत होता आणि यंत्राला शिव्या देत होता. तेवढ्यात त्याच्या शेजारी एक बारीक हात आला, तेलकट फटीत शिरला आणि नट धरून बसला.

"कोण बे?"

"मी छबू. धरलाय मी. फिरवा तुमी."

मिस्त्रीनं बाहेरून पाना फिरवला. नट बसला. तो कुशीवर वळून तिच्याकडं बघायला लागला. "उद्या येशील का?"

"रोज येईन. पण मला शिकवायचं. सगळं."

मिस्त्री असा माणूस होता की त्याला कुणी विचारायचा अवकाश, तो शिकवायलाच बसायचा. त्यानं तिच्या हातात एक छोटी हातोडी दिली. "ह्या बोल्टावर वाजव. हळू. पाहुण्याचं दार वाजवतेस तसं."

टण्, असा लांब आवाज आला.

"आता ह्याच्यावर."

थद्. मडकं फुटकं असलं की वाजतं तसा.

"पहिला घट्ट हाय. दुसरा ढिला. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. डोळे फसतात, कान फसत न्हाई. आता हा पाना घे. उजवीकडं फिरवलं की बसतं, डावीकडं उतरतं. जोर लाव. अगं, किती! लिंबू पिळतेस का? जास्त पिळलंस तर आतले आटे, हे वळसे, मरतात. आटे मेले की बोल्ट मेला."

"मग किती लावायचा?"

"हाताला अडेल तोवर. मग जरासा अजून. हात सांगतो."

चाकाचे बोल्ट गोलाकार होते. छबू एकापाठोपाठ एक पिळत निघाली तर मिस्त्रीनं तिची वेणी ओढली. "थांब. बाज ताणताना एकाच कोपऱ्यातून सुंभ ओढत सुटलीस तर काय होतं?"

"बाज तिरकी होती."

"मग? हा आवळला की समोरचा. मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. आणि यंत्र चालून तापलं, थंड झालं, की पुन्हा पहिल्यापासून वाजवत जायचं. तापल्यावर लोखंड अंग मोकळं करतं."

असे दिवस जायला लागले. छबू सकाळी गुरांचं आटपून गोठ्यात यायची. ती ज्या एकाग्रतेनं ट्रॅक्टरखाली शिरायची ती बघून मिस्त्रीला गंमत वाटायची. घट्ट झालेला बोल्ट ती पुन्हा वाजवायची, मग पुन्हा. पुढच्या चाकांना वळवणाऱ्या दांड्याचा एक बोल्ट झिजला होता. मिस्त्री म्हणाला, "पोळ्यापुरता निभेल."

"निभेल न्हाई. नवा घाला."

"अगं, तुझ्या बापाचं यंत्र हाय का हे?"

"नवा घाला, मिस्त्रीकाका. हातोडीला कसा वाजतोय बघा. खोकला झाल्यासारखा." आणि मिस्त्री खरंच परळीला जाणाऱ्या बैलगाडीबरोबर निरोप देऊन नवा बोल्ट मागवून बसला.

घट्ट केलेला बोल्ट पुन्हा हलला की नाही हे कळावं म्हणून मिस्त्री नटावरून खालच्या लोखंडापर्यंत चुन्याची एक रेघ ओढायचा. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटते. छबू म्हणाली, "पाण्यात चुना जाईल." ती पळत घरी गेली आणि हरण्याच्या शिंगांसाठी आणलेला हिंगूळ जवसाच्या तेलात कालवून घेऊन आली. प्रत्येक बोल्टावर तिनं काडीनं लाल रेघ ओढली. रेघ ओढताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. मिस्त्रीनं एकदा विचारलंच.

"पोरी, एवढी राबतेस कावून? देशमुखानं काय सोन्याची साखळी कबूल केली?"

"मला उसनं फेडायचंय त्यांचं."

"उपकार केलेत होय तुझ्यावर?"

छबू ट्रॅक्टरच्या नाकाकडं, काळवंडलेल्या बाशिंगाकडं बघत म्हणाली, "लई."

मिस्त्री हसला, आणि तिचे डोळे बघून हसायचा थांबला. मग खांदे उडवून म्हणाला, "मनात काय का असंना तुझ्या. काम चोख हाय. दे तो पाना."

एके दिवशी विठ्ठलराव स्वतः गोठ्यात आले. ट्रॅक्टरखालून दोन काळी पावलं बाहेर आलेली बघून त्यांनी काठीनं टोचलं. "कोण हाय रे?"

छबू सरपटत बाहेर आली. तोंडाला तेल, केसांत माती.

"ही तर गहिनीनाथची पोर!" विठ्ठलराव मोठ्यानं हसले. "वा! बैलवाल्याची लेक आमच्या बैलाचे पाय चेपायला आली. सांग तुझ्या बापाला, त्याला पण काम देतो म्हणावं. शेण न्हाई काढावं लागत ह्याचं."

छबूच्या हातात पाना होता. तिनं तो घट्ट धरला. "सांगते, मालक," ती म्हणाली, आणि पुन्हा आत शिरली. आत शिरल्यावर तिनं एका बोल्टावर इतका जोर लावला की मिस्त्री ओरडला, "आटे मारशील!"

ही गोष्ट संध्याकाळी गहिनीनाथाच्या कानावर गेली. तो दावणीशी बसला होता. त्यानं लेकीला दटावलं नाही, मारलंही नाही. फक्त म्हणाला, "त्याच्या दारी गेलतीस?"

"हो, दादा."

"ज्यानं आपल्या बैलाचं कपाळ उघडं केलं, त्याच्या?"

छबूला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण बाप सरळ मनाचा. कळलं तर म्हणेल, असलं काही करू नको. ती म्हणाली, "दादा, पोळ्यापर्यंत मला काही इचारू नका. पण हरण्याला पोळ्याला न्यायचं. मागं उभं करू, पण न्यायचं."

गहिनीनाथानं तोंड फिरवलं. पोळा येईपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही. हा घाव तिनं विठ्ठलरावांच्याच खात्यावर टाकला.

पोळा उजाडला. आदल्या दिवशी दणदणीत पाऊस होऊन आभाळ मोकळं झालं होतं. दुपारी सगळे बैल वेशीत आले. सगळ्यांच्या पुढं ट्रॅक्टर, नाकावर बाशिंग. त्याच्यामागं हरण्या, कपाळ उघडं. गहिनीनाथ मान खाली घालून उभा. विठ्ठलराव चढून बसले आणि या खेपेला काय आश्चर्य, खडखड नाही! यंत्र एकसारखं घुमत होतं. लोक बघतच राहिले.

मिस्त्रीनं जवळ जाऊन सांगितलं, "मालक, यंत्र ठाकठीक हाय. पण वजन लई हाय. ओढ्यात नेऊ नका, वरच्या अंगानं..."

"गेल्या साली गेलता ना?"

"तवा ओढा सुका होता म्हणतात."

"मिस्त्री, तुमी बोल्ट बघा. वाट मी बघतो."

मग ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हाळूबाबा, या! वाजवून बघा माझ्या बैलाला. एकही बोल्ट ढिला न्हाई. नख लावायला जागा न्हाई!"

छबू हरण्याच्या पोटाआडून हे ऐकत होती. याहून गोड शब्द तिनं वर्षभरात ऐकले नव्हते. म्हाळू गुरवानं काठी टेकत एक फेरी मारली. लाल रेघा बघितल्या. त्या कशासाठी हे मिस्त्रीनं त्याला समजावून सांगितलं. म्हातारा म्हणाला, "गाव साक्षी हाय. मानाचा बैल धडधाकट हाय."

हलगी कडाडली. ट्रॅक्टरच्या धुराड्यानं तोरण तोडलं. विठ्ठलराव उतारावरून झोकात ओढ्याकडं निघाले. पुढची चाकं पाण्यात शिरली. मग मागची. लोखंडी दातांनी गाळ उसळला, अर्धा ओढा पार झाला, आणि यंत्राची चाल मंदावली. चाकं फिरत होती, पण धूड पुढं सरकत नव्हतं. जितकी फिरायची तितकी खाली जायची. चाक आसापर्यंत आत गेलं. ट्रॅक्टर एका अंगाला कलला आणि फाट् करून गप्प झाला.

सगळं गाव काठावर उभं. विठ्ठलरावांनी कपाळ पुसलं आणि मोठ्यानं सांगितलं, "काही न्हाई! बोल्ट ढिला झालाय!"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"हसता काय बे? जनावर आजारी पडलं तर मान जातो का? काय म्हाळूबाबा?"

"आजारी असलं तर जात न्हाई," म्हाळू गुरव म्हणाला. "पण बघावं लागंल."

छबू परकर खोचून ओढ्यात उतरली. एका हातात छोटी हातोडी. तिला गाळ कुठं खोल आहे हे ठाऊक होतं. खडकाच्या कडेकडेनं ती ट्रॅक्टरपाशी गेली. तिनं पुढच्या दांड्यावर वाजवलं. टण्. नवा बोल्ट घंटेसारखा वाजला. ती वर बघून म्हणाली, "घट्ट हाय, मालक."

पुढचा. टण्. "ह्यो बी घट्ट हाय."

तिनं तळव्यानं गाळ पुसला की लाल रेघ दिसायची, नटावरून लोखंडापर्यंत सरळ. काठावरून मिस्त्री निरखून बघत होता, आणि प्रत्येक रेघेला त्याची मान हलत होती. नाकाड, आस, बैठक, धुराडं. टण्. टण्. गाळाखालच्या बोल्टांसाठी ती खांद्यापर्यंत हात बुडवायची आणि खालून, पाण्यातून, दबलेली का होईना पण घट्ट टण्‌च यायची. पोरं आता प्रत्येक आवाजाबरोबर ओरडायला लागली, "घट्ट हाय!" मग बायका. मग हलगीवाल्यानं ठेका धरला.

"पुरे!" विठ्ठलराव खेकसले.

"अजून मागचे ऱ्हायलेत, मालक," छबू म्हणाली. "एखादा ढिला निघंल की. बघू द्या ना." आणि तिनं एकही सोडला नाही. मागच्या चाकाचे तर तिनं समोरासमोरचे वाजवले, मिस्त्रीनं शिकवल्या क्रमानं, अगदी सावकाश. विठ्ठलरावांना वर बसून ते सगळं ऐकावं लागलं. त्यांचा चेहरा हिंगुळासारखा झाला होता.

शेवटच्या बोल्टानंतर म्हाळू गुरव म्हणाला, "मालक, जनावरात खोट न्हाई. जनावर अडलंय. रिवाज तुमाला ठाऊक हाय. सगळे कबूल म्हणलं होतं तुमी."

गहिनीनाथानं मान वर केली होती. त्याला आता कळलं होतं, लेक कुठं गेलती आणि कशाला.

विठ्ठलराव पुटपुटले.

"ऐकू न्हाई आलं," छबू म्हणाली. ती गुडघाभर पाण्यात, त्यांच्या पायाशी उभी होती.

"गहिनीनाथ," विठ्ठलराव ओरडले, "पुढे हो!"

छबूनं ट्रॅक्टरच्या नाकावरची तार उलगडली. बाशिंग ओढ्याच्या पाण्यात बुचकळलं, वाळूनं खसाखसा घासलं. मधला भाग पिवळा झाला, कडा काळ्याच राहिल्या. राहू दे, ती म्हणाली. गहिनीनाथ हरण्याला घेऊन खडकावरून आला. तिनं बाशिंग हरण्याच्या कपाळावर बांधलं. बापानं तिच्या गाळानं माखलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीच बोलला नाही; पण हे न बोलणं वेगळं होतं.

"अरे, थांबा!" मागून विठ्ठलरावांचा आवाज आला. "चार-दोन जोड्या जुंपा, मला बाहेर काढा!"

सगळे म्हाळू गुरवाकडं बघायला लागले. म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. "पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू? मालक, काय बोलता? तुमचा बैल बी आज सुट्टीवर हाय. बसू द्या त्याला."

मग गावातले सगळे बैल, एकामागून एक, घुंगरं वाजवत, त्या कललेल्या धुडाला वळसा घालून मारुतीला गेले. प्रत्येक जण जाता जाता विचारायचा, "काय मालक, बोल्ट?" आणि मागचा उत्तर द्यायचा, "न्हाई बे, घट्ट हाय!" परक्या गावची माणसंसुद्धा ऐकून बघायला आली. विठ्ठलरावांना दोघांनी खांद्यावर घेऊन काठावर आणलं. एक जोडा गाळातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलजोड्या लागल्या. सगळ्यांत पुढं हरण्या. ट्रॅक्टर उलटा, मागल्या तोंडानं, गचके खात बाहेर आला आणि काठावर गाळ गाळत उभा राहिला. विठ्ठलराव लांब बाभळीखाली बसले होते, कुणाकडं न बघता. मिस्त्री पिशवी भरून परळीला निघायच्या तयारीत होता. तेवढ्यात छबू आली. हातात पाना, कानावर हिंगुळाची काडी.

"आता ग कशाला?" मिस्त्री म्हणाला. "मिळालं ना तुझं तुला?"

"गचके बसलेत, काका. सगळे ढिले झाले असतील. तुमीच म्हणलं होतं, पुन्हा पहिल्यापासून."

"झाले तर झाले. तुला काय त्याचं?"

छबूनं बाभळीकडं बघितलं, आणि विठ्ठलरावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "पुढल्या पोळ्याला बी सबब नको."

आणि परकर खोचून ती ट्रॅक्टरखाली शिरली, पाठीवर पडली, आणि पहिल्या बोल्टावर हातोडी वाजवून कान देऊन ऐकायला लागली.